कोकणात राहून एसईओवर पोट भरता येतं का? अनुभवी मंडळींनी सांगावं

कर्लीकाठ | १४ जून, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचक आहे. पहिलाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी कुडाळची. बी.कॉम. झाल्यावर पुण्यात दीड वर्ष डेटा एंट्री केली. दिवाळीत बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी घरी आले ती आलेच. परत जावंसं वाटत नाही. खरं सांगायचं तर कॉट बेसिसचं भाडं आणि मेसचे पैसे भागवून हातात काही उरतही नव्हतं.

पुण्यातली माझी रूममेट एसईओचं काम करायची. रात्री जेवताना ती सांगायची त्यातून एवढं कळलं, की लोक गुगलवर काही शोधतात तेव्हा जाहिरातीचे पैसे न देता आपल्या गिऱ्हाइकाचं पान वर यावं, म्हणून करायची ती खटपट. मग मीही यूट्यूबवर बघायला लागले. तीन महिने झाले. साइटमॅप, कॅनॉनिकल, रीडायरेक्ट, असले तांत्रिक शब्द सगळे लिहून काढलेत, दोनशे पानी वही संपत आली. पण पैसे सुरू कसे होतात ते एकाही व्हिडिओत नाही. सगळे शेवटी आपापल्या कोर्सपाशी आणून सोडतात.

एका क्लासवाल्याने ४५ हजार सांगितलेत. नोकरीची हमी आहे म्हणतो. आई म्हणते बांगडी मोडू. मला धीर होत नाही.

तर, कोर्स करावा का? पहिलं काम कोण देतं? आणि इथे राहून जमतं, की पुणं-मुंबई गाठावीच लागते?

(लाइट आज तिसऱ्यांदा गेलीय, मोबाइलवरून लिहितेय. शुद्धलेखनाला हसू नये.)


पापलेट_उधार | १४ जून, रात्री ११:०५

बाय माझे, आमच्या बापाशीन चाळीस वर्सां रापण वडली. मासे खंय गावतले ता इचारूक तो कधी गुगलाकडे गेलो नाय.

गंमत केलंय हां. जाणकार येतले, वायच थांब.


आगळवेगळा | १५ जून, सकाळी ७:२०

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे) म्हणून निघणार होतो, पण 'बांगडी मोडू' वाचलं आणि थांबलो.

बांगडी राहू दे. आधी त्या क्लासवाल्याकडून अभ्यासक्रमाचा कागद मागवा. त्यात 'मेटा कीवर्ड' (पानाच्या कोडमध्ये लपवून लिहायचे शोधशब्द) नावाचा धडा असेल तर चहा पिऊन उठा. क्रमवारी लावताना तो टॅग आम्ही बघत नाही, असं गुगलने २००९ सालीच जाहीर केलंय. 'पहिल्या नंबरवर आणायची गॅरंटी' असं कुठे लिहिलेलं दिसलं तर चहाही नको. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगलच्या स्वतःच्या मदतपानावर आहे.

आता माझं. मी वेंगुर्ल्याकडचा. २०१६ साली ठाण्यात एका छोट्या एजन्सीत लागलो, महिना ९ हजारांवर. काम काय? दिवसभर टायटल, म्हणजे गुगलच्या निकालात दिसणारी पानांची शीर्षकं, लिहायची. टाइल्सवाला, दातांचा डॉक्टर, पॅकर्स अँड मूव्हर्स. प्रत्येक पानाला साठेक अक्षरांचं टायटल, त्यात माणसाने क्लिक करावं असं काहीतरी. दोन वर्षं तेच. कंटाळून रडकुंडीला आलो होतो, पण आज जे येतं ते त्या टाइल्सवाल्याच्या जिवावर. फरशी घेणारा माणूस 'व्हिट्रिफाइड' शोधत नाही, 'न घसरणारी बाथरूम फरशी' शोधतो, हे मला तिथे उमगलं.

२०१९ ला घरी आलो. आज माझ्याकडे मुंबईची दोन कामं आहेत, एक ऑस्ट्रेलियातलं (जुन्या सहकाऱ्यामुळे मिळालेलं) आणि तीन गावची. गावच्या तिघांचे मिळून पेट्रोल सुटतं. पण मुंबईवाल्यांना दाखवायला माझ्याकडे जे होतं ते ह्या गावच्याच कामांचं. म्हणून म्हणतो, पहिलं गिऱ्हाईक वाडीतच शोधा आणि त्याच्यावर पोट भरेल अशी आशा धरू नका.

वही बंद करा. कुणाचं तरी एक खरंखुरं काम हातात घ्या. नात्यात कुणाचं हॉटेल, दुकान, काजूचा कारखाना, काहीही?


घाटावरचा_पाहुणा | १५ जून, दुपारी १:४०

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. मी पुण्यात एजन्सीत माणसं घेतो, म्हणून पलीकडच्या खुर्चीवरून सांगतो.

सर्टिफिकेटांची फाइल घेऊन पोरं येतात. मी ती उघडत नाही. (साइटवर किती लोक आले ते मोजणाऱ्या ॲनालिटिक्सचं सर्टिफिकेट तर गुगलच्या स्किलशॉप ह्या शिकवणीच्या साइटवर फुकट मिळतं, ते जरूर करा, पण त्याचं अप्रूप कुणाला नाही.) मी लॅपटॉप पुढे सरकवतो आणि सर्च कन्सोलचा (आपली साइट गुगलवर कशासाठी दिसते ते सांगणारं गुगलचं साधन) एक तक्ता दाखवतो. एका पानाला महिन्याला हजारो इम्प्रेशन आहेत, म्हणजे शोधात ते हजारदा दिसतं, क्लिक मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. का? दहातले आठ जण म्हणतात, बॅकलिंक (दुसऱ्या साइटींवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका) वाढवायला हवेत. एखादा विचारतो, 'सर, हे नक्की कशासाठी दिसतंय ते बघू का?' आणि खालची क्वेरींची, म्हणजे लोकांनी शोधलेल्या शब्दांची, यादी उघडतो. पान असतं हापूसच्या कलमांचं आणि दिसत असतं आंब्याच्या भावासाठी. त्या एकाला मी घेतो.

सर्च कन्सोल फुकट आहे, पण स्वतःची किंवा कुणी परवानगी दिलेली साइट असल्याशिवाय त्यात बघायला काही मिळत नाही. क्लास इथेच कमी पडतात. विद्यार्थ्याला खरा तक्ता सहा महिने रोज बघायला मिळत नाही. पोहणं फळ्यावर शिकवल्यासारखं ते.

घरून काम करणाऱ्यांना आम्ही घेतो. फक्त जूनमध्ये फोन लागला पाहिजे. :)


खळ्यातली_खुर्ची | १५ जून, रात्री ९:१५

मी ह्या विद्येतला नाही, मी गिऱ्हाईक. वेळणेश्वरला चार खोल्या आहेत, जेवणखाण हिच्या हातचं. तेव्हा दुसरी बाजू ऐक, बाळ.

दोन वर्षांपूर्वी एक फोन आला. गोड बोलणारा मुलगा, म्हणाला 'सर, गुगलकडून बोलतोय, तुमचं लिस्टिंग बंद होणार आहे.' वर्षाचे १८ हजार भरले. मग तीन महिने एक रिपोर्ट यायचा, रंगीत, बावीस पानांचा. त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही. चौथ्या महिन्यापासून फोन बंद. नंतर भाच्याने सांगितलं की गुगलवरची ती नोंद मुळात फुकटच असते, गुगल त्याचे पैसे घेतच नाही.

आता कुणी 'काका, तुमचं ऑनलाइन करून देतो' म्हणत आलं की मी खुर्ची आत नेतो. उद्या तू माझ्या खळ्यात (अंगणात) येशील तेव्हा तुझ्या आधी तो मुलगा येऊन गेलेला असेल, एवढं लक्षात ठेव.

बुकिंगच्या साइटवाले पंधरा-वीस टक्के कापून घेतात ते वेगळंच. सुरमईची थाळी कितीला लावू, त्यात ह्यांचं धरून?


कर्लीकाठ | १६ जून, सकाळी ८:३०

सगळ्यांचे खूप आभार. इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

काका, वाईट वाटलं वाचून. त्या रिपोर्टचं कळलं, तसला मी कुणाला देणार नाही.

आगळवेगळा दादा, माझी मावशी देवबागला असते. तीन खोल्यांचा होमस्टे आहे, निवास-न्याहारी योजनेत नोंदवलेला. साइट नाही. गुगलवर कुणीतरी कधीतरी टाकलेलं नाव आहे. काल बघितलं, तर त्याची पिन (नकाशावरची खूण) चक्क भोगव्याला आहे!


आगळवेगळा | १६ जून, सकाळी ९:०२

हे झालं काम!

बाहेरच्यांसाठी सांगतो: देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी अशी वाळूची चिंचोळी पट्टी. भोगवे समोरच्या काठावर, तालुकासुद्धा वेगळा. पिन तिकडे असेल तर पाहुणा रात्री नऊला भोगव्याच्या किनाऱ्यावर उभा राहणार. समोर पाण्यापलीकडे मावशीच्या अंगणातला दिवा दिसणार आणि गाडीने फेरा मारून पोचायला तासाच्या वर लागणार. पोरं पेंगलेली, बायको रागावलेली. तो रिव्ह्यूमध्ये काय लिहिणार? मावशीच्या जेवणाचं तर नाहीच.

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, त्यानंतर घराघरांत खोल्या निघाल्या. पण नकाशावर बघाल तर कुणाचा नंबर बंद, कुणाची पिन पाण्यात. आपल्याकडे एसईओची सुरुवात कोडपासून होत नाही, पिनपासून होते.

क्रमाने सांगतो. ती नोंद मावशीच्या नावाने क्लेम करा, म्हणजे मालकी गुगलला कळवा. बहुतेक मोबाइलवर व्हिडिओ काढून पडताळणी मागतील: पाटी, रस्ता, आतली खोली. मालक तिथे राहून पाहुणे घेतो ते चालतं. रिकामा बंगला भाड्याने द्यायचा असेल तर मात्र नियमात बसत नाही. नाव पाटीवर आहे तेच लिहा. 'बेस्ट बीच होमस्टे देवबाग तारकर्ली मालवण' असं शेपूट लावू नका. शेजारचे लावतात, वर दिसतातही, आणि एक दिवस कुणी तक्रार केली की नोंद लटकते. जवळपासच्या शोधात गुगल तीन गोष्टी बघतं: शोधाशी मेळ, अंतर आणि नावलौकिक. अंतर आपल्या हातात नाही, बाकी दोन आहेत.

रिव्ह्यू मागा, पण 'पाच स्टार द्या, सोलकढी फुकट' हे नको. रिव्ह्यूच्या बदल्यात काहीही देणं नियमाबाहेर आहे. सोलकढी अशीच द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आज संध्याकाळी मावशीचा फोन मागून घ्या आणि गेल्या वर्षीचे व्हॉट्सॲप मेसेज वर सरकवत न्या. पाहुण्यांनी खोली घेण्याआधी विचारलेला प्रत्येक प्रश्न वहीच्या उरलेल्या पानांत उतरवा, त्यांच्याच शब्दांत. कीवर्ड प्लॅनर (शोधशब्द सुचवणारं गुगलचं साधन) नंतर उघडू.


रेघोट्या | १७ जून, दुपारी ३:२६

मी ह्याच्या दुसऱ्या टोकाची, म्हणून लिहिते. मी गिऱ्हाइकांचं काम केलं नाही, स्वतःचा ब्लॉग काढला. मराठीतून प्रवासवर्णनं आणि 'अमुक ठिकाणची दहा प्रेक्षणीय स्थळं', जाहिरातींचे पैसे गुगलच्या ॲडसेन्समधून. लोक 'एसईओतून कमाई' म्हणतात ते बरेचदा हेच असतं.

दोन वर्षं छान चाललं. मग सप्टेंबर २०२३ मध्ये गुगलचं 'हेल्पफुल कंटेंट'वालं अपडेट (क्रमवारी लावण्याच्या पद्धतीतला बदल) आलं आणि माझा आलेख कड्यावरून घसरल्यासारखा खाली आला. महिनाभर चिडचिड केली. मग शांतपणे स्वतःचीच पानं वाचली. मंडळी, मी हर्णैच्या लिलावावर हजार शब्द लिहिले होते आणि मी हर्णैला गेलेच नव्हते. चार साइटी उघडून पाचवं लिहायचं, हाच धंदा होता माझा. त्याच्या आधीच्या डिसेंबरात गुगलने पानं तपासणाऱ्यांच्या निकषांत 'अनुभव' हा शब्द वाढवला होता. मी तो वाचला होता, मान डोलावली होती आणि पुढचा लेख तसाच लिहिला होता.

आता उरलेला ब्लॉग छंद म्हणून चालतो. जिथे प्रत्यक्ष गेले तीच पानं टिकली. एक तर मजेशीर आहे. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख ठरलेली नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. तारीख जाहीर झाली की मुंबईतले चाकरमानी रेल्वेच्या तिकिटासाठी तुटून पडतात. माझ्या त्या पानावर तारखेखाली मी फक्त एवढं लिहिलंय, की कुठल्या स्टेशनला उतरावं, रात्री एसटी कुठून मिळते, रांगेत म्हाताऱ्या माणसाला घेऊन कसं जावं. दरवर्षी तेच पान, त्याच पत्त्यावर, फक्त तारीख बदलते. चार दिवस त्या पानावर जत्राच भरते.

पण चार दिवसांवर घर चालत नाही. धागाकर्तीने ब्लॉगच्या भरवशावर राहू नये.


मोहर | १७ जून, रात्री १०:१०

रेघोट्या ताईंनी पत्त्याचं लिहिलं त्यावरून आठवलं. आम्ही देवगडचे बागायतदार. 'हापूस २०२२' असं पान केलं, मग 'हापूस २०२३', मग २०२४. प्रत्येक वेळी जुनं पुसून नवं. एका मुलीने (ती आता आमचं काम बघते) कपाळावर हात मारला. म्हणाली, 'काका, दरवर्षी कलम उपटून नवं लावता का?' तेव्हापासून एकच पान, सालाविना.

तिने आणखी एक शिकवलं. आंब्याचं पान मार्चमध्ये लिहून उपयोग नाही. गुगलला ते पान ओळखीचं व्हायला महिने जातात आणि आमचा सीझन दोन-अडीच महिन्यांचा. म्हणून पान मोहर यायच्या आधी तयार पाहिजे, दिवाळीच्या सुमाराला. फवारणीचं वेळापत्रक असतं तसं तिने ह्याचंही करून दिलंय.

आणि शब्द! आमच्याकडे सगळे 'आगळ' म्हणतात. मुंबईच्या गिऱ्हाइकाला आगळ माहीतच नाही, तो 'सोलकढीसाठी कोकम ज्यूस' शोधतो आणि अमृतकोकम मागवून बसतो. मग सोलकढी गोड झाली म्हणून आम्हाला फोन. तिने पानावर एक ओळ टाकली: 'आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, साखर नाही, सरबतासाठी अमृतकोकम वेगळं.' परत येणाऱ्या बाटल्या थांबल्या.

ती मुलगी कणकवलीची आहे. बारावीनंतर कुठलाही कोर्स केलेला नाही.


पापलेट_उधार | १७ जून, रात्री १०:४८

आता गंभीरपणे विचारतो, मालवणीत नाही. हल्ली गुगलवर काही विचारलं की वरच एआयचा तयार सारांश येतो. खाली कोण जातंय? चॅटजीपीटीला विचारणारे तर गुगलवर येतच नाहीत. मग ही पोरगी जे शिकतेय ते दोन वर्षांनी उरणार का? किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीचं झालं तसंच व्हायचं, यांत्रिक बोटींची पर्ससीन जाळी आल्यावर.


घाटावरचा_पाहुणा | १८ जून, सकाळी ११:३०

प्रश्न रास्त आहे, 'एसईओ कधी मरत नाही' असलं ठरलेलं उत्तर मी देणार नाही. भारतात हे सारांश ऑगस्ट २०२४ पासून दिसायला लागले. 'देवबाग कुठे आहे', 'कॅनॉनिकल म्हणजे काय' असल्या प्रश्नांचे क्लिक तिथेच जिरतात, हे आमच्या तक्त्यांत रोज दिसतं. नुसती माहिती विकणारी पानं अडचणीत आहेत. आमच्याकडे मोठाले लेख लिहून घ्यायचं काम निम्म्यावर आलं.

पण ज्याला शनिवारी दोन खोल्या हव्यात त्याला सारांश वाचून झोपता येत नाही. त्याला फोन नंबर, भाव, फोटो आणि रस्ता लागतो. आणि तो सारांशही कुठल्या तरी पानांवरूनच बनतो. तिथे मावशीच्या घराची खरी माहिती कुठेच नसेल तर तो दुसऱ्याच्या घराचं सांगेल.

नवख्यांनी आज 'लेख पाडणं' हे कौशल्य म्हणून शिकू नये, ते मशीन करतं. मार्च २०२४ पासून घाऊक पाडलेल्या मजकुरावर गुगलचा वेगळा नियमही आहे, माणसाने पाडलेला असो की मशीनने.


आगळवेगळा | १८ जून, दुपारी १२:१५

त्यात लिंकांचं राहिलं. काम सुरू केलंत की महिन्याभरात मेल यायला लागतील, 'डियर, आमच्या साइटवर गेस्ट पोस्ट (तुमची लिंक घातलेला लेख), इतके डॉलर'. वर यायचा सोपा रस्ता वाटतो. लिंक विकणारेही आपल्याकडे कमी नाहीत. गुगलच्या २०१२ च्या पेंग्विन नावाच्या अपडेटमध्ये विकतच्या लिंकांवर उभे राहिलेले धंदे एका रात्रीत आडवे झाले, ते मी वाचून आहे. एका गिऱ्हाइकाच्या हट्टापायी मीही एकदा वीस लिंका घेतल्या. वर आलो, हरखलो, पाच महिन्यांनी होतो त्याच्याही खाली गेलो. गिऱ्हाईक गेलं. चूक त्याची नव्हती, नाही म्हणायचं काम माझं होतं.

लाइटचंही सांगतो, कारण कुणी सांगत नाही. मे २०२१ च्या तौक्ते वादळात आमच्याकडे कितीतरी दिवस वीज नव्हती. मुंबईच्या गिऱ्हाइकाचा महिन्याचा रिपोर्ट द्यायचा होता. रस्त्यावर आडवे झालेले माड चुकवत पेट्रोल पंपावर गेलो. तिथे जनरेटर होता. ऑइलच्या डब्यावर लॅपटॉप ठेवून रिपोर्ट पाठवला. त्यानंतर पहिल्या मोठ्या चेकातून इन्व्हर्टर घेतला, फायबरच्या जोडीला दुसऱ्या कंपनीचं सिम. नवा लॅपटॉप त्याच्यानंतर.


हिशेबनीस | १८ जून, सायंकाळी ६:००

पैशांबद्दल दोन शब्द, थोडं अवांतर. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, उगाच घाबरून करू नका. कंपनीने टीडीएस कापला तर रिटर्न भरा, कर लागत नसेल तर तो परत मिळतो. पहिली दोन वर्षं रिटर्न न भरणारे नंतर बँकेत कर्जाला गेले की रडतात.

आणि पहिल्या महिन्याचे पैसे आगाऊ घ्या. नातेवाइकांकडूनही. विशेषतः नातेवाइकांकडून.


कर्लीकाठ | १८ सप्टेंबर, रात्री ९:३५

धागा वर काढतेय. गणपती झाले, पाहुणे गेले, आता सविस्तर लिहिते.

क्लास केला नाही. बांगडी आईच्या हातात आहे.

मावशीच्या फोनमधून प्रश्न उतरवायला तीन संध्याकाळी गेल्या. मला वाटलं होतं, लोक 'सी व्ह्यू आहे का' विचारत असतील. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न: 'बाथरूम आत आहे ना?' मग 'आमच्यात दोघं मासे खात नाहीत, त्यांचं काय?' मग गाडी अंगणापर्यंत येते का, सहा वर्षांच्या मुलाला स्नॉर्केलिंगला घेतात का, आणि पावसात बोटी बंद असतात तेव्हा येऊन करायचं काय. एका आजोबांनी तर कमोड आहे का, एवढं विचारण्यासाठी सात मेसेज लिहिले होते, बिचारे संकोचले होते.

मावशीला म्हटलं, बाथरूमचा फोटो टाकायचा. ती म्हणाली, 'शी, लोकांना काय दाखवायचं ते!' शेवटी मावशीच्या यजमानांनी बादली घासून दिली आणि फोटो काढला. आज त्या नोंदीवरचा सगळ्यात जास्त बघितला गेलेला फोटो तोच आहे. माडाखालच्या झोपाळ्याचा नाही.

पिन देवबागला आली. पडताळणीचा व्हिडिओ पहिल्यांदा नाकारला गेला, पाटीवर बोगनवेल आली होती. छाटून परत केला. साइट सहा पानांची, माझी मीच केली. स्क्रीमिंग फ्रॉग नावाचा साइट तपासणारा प्रोग्रॅम फुकटात ५०० पानं चाळून देतो म्हणे, त्याला माझी सहा पानं तपासताना हसू आलं असेल.

जुलैमध्ये साइटवर एकूण अकरा क्लिक. त्यातले पाच बहुधा माझेच. सर्च कन्सोल रोज उघडून बघायचे, दुधावर साय आली का बघतात तसं. ऑगस्टमध्ये एक गोष्ट दिसली. रोमन लिपीत टाइप करताना बरेच लोक देवबागच्या शेवटी एक जास्तीचा एच लावतात. आणि 'देवबाग व्हेज जेवण' ह्यासाठी आपण दिसतोय, क्लिक मात्र नाही. घाटावरचा_पाहुणा सरांचा तक्ता आठवला. टायटल बदललं: 'देवबागचा घरगुती होमस्टे, मासे आणि शाकाहारी दोन्ही जेवण'. आता क्लिक येतात. थोडे, पण येतात.

पैसे मात्र अजून शून्य. मावशीने साडी घेतली.


घाटावरचा_पाहुणा | १९ सप्टेंबर, सकाळी १०:०५

व्यनि (खासगी निरोप) केलाय, बघा.


खळ्यातली_खुर्ची | १९ सप्टेंबर, सकाळी १०:४०

बादली वाचून हिला हसू आवरेना. आमच्या बाथरूमचा फोटो कुणी काढायचा ते ठरतंय.


कर्लीकाठ | ९ जानेवारी, रात्री ११:१०

व्यनितून काय झालं ते सांगायचं राहिलंच. सरांनी आधी चाळीस पानांची टायटलं लिहायला दिली, पैसे देऊन, चाचणी म्हणून. त्यातली सव्वीस परत आली. परत लिहिली. ऑक्टोबरपासून अर्धा दिवस त्यांचं काम करते, महिना १२ हजार, घरून. इन्व्हर्टर हप्त्यावर घेतला. आगळवेगळा दादा, लॅपटॉप जुनाच आहे.

मावशीकडे नाताळचा आठवडा भरलेला होता. त्यातले किती गुगलवरून आले ते मी प्रत्येकाला फोनवर विचारायला सांगितलं होतं. मावशीने भिंतीवरच्या कालनिर्णयवर रेघा मारून ठेवल्यात. नऊ जण. दोन बुकिंग कमिशनवाल्या साइटवरून, बाकी जुने ओळखीचे. तो कागद मी रिपोर्ट म्हणून वेळणेश्वरच्या काकांना पाठवला, बावीस पानांऐवजी. काकांनी तीन महिन्यांचे आगाऊ दिलेत. (हिशेबनीस, तुम्हाला दंडवत.)

आता खरा प्रश्न. वेंगुर्ल्याकडचे एक काजूवाले आहेत, बऱ्यापैकी मोठे. त्यांची साइट २०१७ पासूनची, काजूची चार प्रतवारी, परदेशातूनही विचारणा येते म्हणतात. मला बोलावलंय. किती सांगू? आकडा तोंडातून निघत नाही माझ्या.


आगळवेगळा | १० जानेवारी, सकाळी ६:५५

अभिनंदन! आकड्याचं बघू. त्याआधी एक विचारा: डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे आणि पासवर्ड कुणाकडे आहे?


कर्लीकाठ | १० जानेवारी, दुपारी २:२०

विचारलं. डोमेन त्यांच्या पुतण्याच्या नावावर आहे. तो दुबईला असतो. जमिनीच्या वाटणीवरून तीन वर्षं बोलणं नाही.


पापलेट_उधार | १० जानेवारी, दुपारी २:२४

घे! आता देवाक गाऱ्हाणा घालूक व्हया.